रिकामा फाटा

नागपुरात डोंगर नाही. ज्या एक-दोन टेकड्या आहेत त्यांवर सकाळी मधुमेहवाले फिरतात. म्हणून ज्याला डोंगरात गाडी घालायची हौस आहे त्यानं सावनेर, सौंसर करत छिंदवाडा मागं टाकायचं आणि तामियाच्या अंगानं सातपुड्यात शिरायचं. आम्ही चौघं तसे शिरायचो, वर्षातून चार-पाच वेळा. चौघंही पन्नाशीच्या आसपासचे, पोट सुटलेले, कंबरेला पट्टा बांधून मोटरसायकलवर बसणारे. आम्ही अक्कल गहाण ठेवली आहे, यावर चारही घरांत एकमत होतं.

नावं लिहीत नाही. त्यांची लिहायचा मला हक्क राहिलेला नाही आणि माझं लिहायची हिंमत नाही. तसंही आपसात कोणी कुणाचं नाव घेत नसे. एक शेठ होता, त्याचं जरीपटक्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. एक दातांचा डॉक्टर. एक मास्तर, खाप्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारा. नागपूरहून रोज मोटरसायकलनं जायचा आणि यायचा. आणि मी मोजणी कचेरीत. लोकांच्या शेतांच्या हद्दी कायम करून देण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे नकाशा, दिशा, वाटा यांतलं आपल्याला चार लोकांपेक्षा जास्त कळतं असा माझा समज होता.

मास्तर माझा लहानपणापासूनचा. एकाच गल्लीत वाढलो. दोघांच्याही घरी कधीकाळी हातमाग होते आणि दोघांचेही आजोबा दिवसभर मागावर बसायचे. आम्हा दोघांना आता तुटलेला दोरा धड जोडता येत नाही. मास्तर गाडी अशी चालवायचा की मागं कुणी गरोदर बाई बसली आहे असं वाटावं. शिवाय त्याच्या खिशात एक लहान वही असायची. एखादं झाड, एखादा बैल, एखाद्या घराचा ओटा आवडला की गाडी बाजूला लावून हा चित्र काढत बसणार आणि आम्ही पुढं उन्हात टाचा घासत त्याची वाट पाहणार. मला त्याचा राग यायचा. तो मी बोलूनही दाखवायचो.

आता आमचा नियम सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. रानातल्या कच्च्या वाटेवर गाड्यांत अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पुढच्याची सगळी धूळ मागच्याच्या नाकातोंडात. अंतर ठेवलं की मागचा माणूस दिसेनासा होतो. फोनला तिथं रेंज नसते. म्हणून प्रत्येकानं आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. वाट सरळ जात असेल तर थांबायचं नाही. पण सरळ सोडून दुसरीकडे वळायचं असेल तर त्या फाट्यावर गाडी उभी करून मागचा येईपर्यंत थांबायचं. त्याचं तोंड दिसलं, त्यानं हात वर केला, की मग आपण सुटायचं. मागच्यासाठी अर्थ सोपा. फाट्यावर आपला माणूस उभा असेल तर तो दाखवील तिकडे वळायचं, आणि कोणी नसेल तर बिनधास्त सरळ जायचं.

हा नियम मी केला होता. कुठूनतरी ऐकून, पण चौघांत आणला मी, आणि मोजणीवाल्याच्या हट्टानं पाळायला लावला मी. एकदा डॉक्टर फाट्यावरून दोन मिनिटं आधी निघाला होता तर मी त्याला टपरीवर सगळ्यांसमोर अर्धा तास सोलून काढला. "आवाज आला म्हणून निघालो गा," तो बिचारा म्हणाला. "आवाज म्हणजे माणूस नव्हे. तोंड दिसलं पाहिजे," मी टेबलावर बोट आपटून म्हणालो. शेजारच्या टेबलावरचे लोकही पोहे खायचे थांबून ऐकत होते, आणि मला ते बरं वाटलं होतं.

त्या दिवशी, होळीच्या थोडं आधी, सावनेरला तर्री-पोहे खाताना शेठनं टूम काढली. "हर बार तूच पुढे बे. आज चिठ्ठ्या टाकू." टाकल्या. शेठ पहिला निघाला, डॉक्टर दुसरा, मी तिसरा आणि मास्तर शेवटचा. माझं तोंड उतरलं. तिसरा म्हणजे दोघांची धूळ खायची आणि मास्तरची वाट पाहायची, दोन्ही कामं माझ्याच गळ्यात. पण चिठ्ठीपुढे काय बोलणार!

आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला लाज वाटते, पण तीच खरी होती. शेठच्या हेल्मेटवर कॅमेरा असतो. मागच्या फेरीत एका ओढ्यात मी गाडीसकट आडवा झालो होतो आणि शेठनं ते सगळं टिपलं होतं. तो व्हिडिओ फिरत फिरत माझ्या कचेरीत पोचला. आमच्याकडचा एक कारकून म्हणाला, "साहेब, म्हैस पण यापेक्षा अलगद बसते पाण्यात." माझ्या पोरीनंही तो तिच्या मैत्रिणींना दाखवला. मी वरवर हसलो आणि आतून जळत राहिलो. या वेळी वाटेत एक दगडगोट्यांचा उभा चढ होता. शेठ पुढं जाऊन वरून चित्रण करणार होता. तो चढ मी न थांबता, पाय न टेकता मारायचा आणि तो व्हिडिओ मीच कचेरीत पाठवायचा, असं मी आठ दिवस आधीपासून ठरवलं होतं. पन्नाशीचा माणूस मी!

डांबरी सोडली तिथं आम्ही चाकांची हवा थोडी कमी केली आणि रानात शिरलो. खरं सांगतो, त्यासारखं सुख दुसरं नाही. पायदानांवर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे, खालून मुरूम आणि सागाची वाळली पानं कुरकुरत जाणार, हँडल हातात आपलं आपण नाचणार. कचेरी, रक्तदाब, पोरीचं लग्न, काही डोक्यात राहत नाही. मी मास्तरलाही विसरलो.

मग तो फाटा आला. सरळ जाणारी वाट चांगली रुंद, खाली उतरत गेलेली, कुणालाही तिकडेच जावंसं वाटेल अशी. आम्हाला मात्र डावीकडे वळायचं होतं, अरुंद वाटेनं, त्या चढावरून पठारावर. डॉक्टर माझ्यासाठी थांबलेलाच होता. माझं तोंड दिसलं, मी हात वर केला, तो वळून गेला. आता माझी पाळी होती. मी मोहाच्या झाडाजवळ गाडी लावली आणि वाट पाहू लागलो.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. झाडाखाली मोहाची फुलं पडलेली, त्यांचा वास डोक्यात चढत होता. चित्र काढत बसला असणार, मी मनात म्हणालो. वरून डॉक्टरच्या गाडीचा जोर लावल्याचा आवाज आला, मग दोघांचं ओरडणं. म्हणजे त्यानं चढ मारला. मग शेठनं वरून दोनदा हॉर्न दिला, कॅमेरा तयार आहे, ये. मी मागं पाहिलं. कोणी नाही. आणखी पाच मिनिटं गेली. शेठनं पुन्हा हॉर्न दिला.

तेवढ्यात मागच्या झाडीतून इंजिनचा आवाज आला. बारीक, लांबून. आला एकदाचा, म्हटलं. तोंड दिसायला फार तर दोन-तीन मिनिटं लागली असती. तेवढा मी थांबलो नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! मी बटण दाबलं आणि डावीकडे सुटलो. ती गाडी कुणाची होती, आजही मला ठाऊक नाही. मास्तरची नव्हती; तो फाट्यावर पोचला त्यानंतर बऱ्याच वेळानं, हे पुढं त्याच्याच बोलण्यातून कळलं.

चढ मी झकास मारला. एकदाही पाय टेकला नाही. वर पोचलो तेव्हा शेठ टाळ्या पिटत होता. "क्या बात है बे! आज तर कमालच केली!" डॉक्टरनं विचारलं, "मास्तर?"

"येऊन राहिला ना मागून."

"पाहिलं ना तू त्याले?"

"पाहिलं," मी म्हणालो, आणि शेठच्या फोनकडे हात केला, कारण मला व्हिडिओ पाहायचा होता.

त्या एका शब्दानं पुढचं सगळं झालं. मी पाहिलं म्हटल्यावर कुणाला काळजी वाटायचं कारण नव्हतं. आम्ही तो व्हिडिओ तीनदा पाहिला. चिवडा खाल्ला. मास्तर चढाखाली गाडी लावून चित्र काढत असेल म्हणून हसलो. पाऊण तास गेला तेव्हा डॉक्टर उठला. आम्ही चढ उतरून फाट्यापर्यंत आलो, वाटेत दोन्ही बाजूंच्या घळी पाहिल्या. मास्तर नव्हता. फाट्यावर उभा राहिलो आणि त्या रुंद, उतरत्या वाटेकडे पाहिलं तेव्हाच मला कळलं तो कुठं गेला ते. त्यानं नियम पाळला होता. फाटा रिकामा होता, तो सरळ गेला होता.

हे तिथंच बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर डॉक्टरनं विचारलं असतं, तू तर पाहिलं म्हणाला होता ना? ज्याला मी अर्धा तास सोलला होता त्या डॉक्टरनं. डॉक्टर म्हणाला, "गाडी बंद पडली असन, मागं फिरला असन." आणि आम्ही उलट्या दिशेला, ज्या वाटेनं आलो तिकडे, थेट डांबरीपर्यंत परत गेलो. मी सर्वांत मागं चालवत होतो. प्रत्येक वळणावर मला माहीत होतं की आपण त्याच्यापासून लांब जातो आहोत. तरी मी गाडी चालवत राहिलो. जाऊन-येऊन सव्वा तास गेला.

फाट्यावर परत आल्यावर मी जणू आत्ताच सुचल्यासारखं म्हणालो, "सरळ तर नसन गेला तो?"

शेठनं माझ्या पाठीवर थाप मारली. "क्या दिमाग है यार तेरा!"

दीड-दोन किलोमीटर खाली एक कोरडा नाला होता. वाट एकदम तुटून नाल्यात उतरत होती. मास्तर तिथं दगडांत पडला होता. मोहाची फुलं वेचणाऱ्या दोन बाया त्याच्याजवळ बसल्या होत्या. गाडी त्यांनी त्याच्या अंगावरून उचलून बाजूला केली होती, काठ्या रोवून त्यावर फडकं टाकून त्याच्या तोंडावर सावली धरली होती. त्या येईपर्यंत गाडी त्याच्या पायावर होती आणि तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटून होता. पाय काढता येत नव्हता म्हणून तो हॉर्न दाबत राहिला होता. तो ऐकून बाया आल्या. "बहुत देर से बजा रहा था भैया," त्यातली मोठी म्हणाली. आम्ही तेव्हा वर व्हिडिओ पाहत होतो.

मास्तरनं आम्हाला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलला, तर "तुमची ट्रिप खराब केली गा मी."

डॉक्टरनं बूट कापून काढला. घोटा भलतीकडेच वळला होता. पोटरीची कातडी पँटला चिकटून आली. डॉक्टर काड्या आणि पट्टे बांधता बांधता त्याला बोलतं ठेवत होता. "पण तू सरळ काहून आला बे? डावीकडे वळायचं होतं ना."

"फाट्यावर कोणीच नव्हतं," मास्तर म्हणाला.

डॉक्टरचे हात थांबले. शेठनं माझ्याकडे पाहिलं. कबूल व्हायची ती तिसरी संधी होती, आणि मी काय केलं? मी चिडलो. खोट्या माणसाला चिडायला फार सोपं जातं. "होतो ना! मोहाच्या झाडाखाली सावलीले होतो. चांगला हात केला तुले. तू पाहिलंच नाही, सरळ निघून गेला. मले वाटलं, मागून वळून येईन." हे मागच्या सगळ्याशी जुळत नव्हतं. मी आधी तसं काहीच म्हणालो नव्हतो. पण त्या गडबडीत कुणी जुळवून पाहिलं नाही, आणि मित्र असलं जुळवून पाहत नसतात.

मास्तर माझ्याकडे बघत राहिला. त्याला ग्लानी येत होती. मग त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "असन," तो म्हणाला. "धूळ होती चष्म्यावर. माझंच चुकलं असन."

डॉक्टरनं पुन्हा पट्टा आवळायला घेतला. शेठ पठारावरच्या गावातून जीप आणायला गेला. मी मास्तरचा हात धरून बसलो. माझी भीती ओसरली, आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी अजून विसरलो नाही.

छिंदवाड्याला एक्स-रे, मग नागपूर, घोट्यात पट्टी आणि स्क्रू, पोटरीला दुसरीकडची कातडी. या सगळ्यात मी जेवढा धावलो तेवढा कोणीच धावला नाही. दवाखान्यात झोपलो, डबे आणले, त्याच्या शाळेत रजेचे कागद दिले. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. त्याची बायको मला भाऊजी म्हणते, ती येईल-जाईल त्याला सांगायची, "भाऊजी होते म्हणून निभावलं." मी खाली मान घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

पाय आठवड्यागणिक सुधारला. बिघडलं ते वेगळंच. शेठची थट्टा सुरू झाली. "मास्तर, ये कितनी उंगली है?" मास्तरही हसायचा. पण एकदा त्यानं मला हळूच विचारलं, "तू नक्की किती लांब होता बे माझ्यापासून?" मी म्हणालो, असेन वीसेक फूट. दुसऱ्या दिवशी मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. तो म्हणाला डोळे ठीक आहेत. मास्तर दुसऱ्याकडे गेला. त्यानंही ठीक सांगितलं. हे ऐकून दुसरा कोणी खूश झाला असता. मास्तर आणखी घाबरला. डोळे चांगले आहेत आणि वीस फुटांवरचा माणूस, गाडी, हात, काहीच दिसलं नाही, म्हणजे बिघाड डोक्यात. त्याचे वडील शेवटची काही वर्षं कुणाला ओळखत नव्हते. स्वतःच्या बायकोला शेजारीण समजून नमस्कार करायचे. त्यांचं सुरू झालं तेही असंच, समोर ठेवलेली वस्तू न दिसण्यापासून. हे आमच्या गल्लीत मी स्वतः पाहिलं होतं.

मग डोक्याच्या तपासण्या झाल्या. त्यांत काही निघालं नाही, पण त्याचा विश्वास बसेना. त्यानं मोटरसायकल विकली. पाय बरा झाल्यावर खाप्याला एसटीनं जाऊ लागला. पोरांना कन्हानच्या काठी चित्रं काढायला न्यायचा, ते बंद केलं. एखादं पोर पाण्याकडे गेलं आणि मला दिसलं नाही तर, म्हणायचा. वर्गात फळ्यावर काढलेला मडक्याचा आकार पोरांनाच विचारायचा, बरोबर आहे का रे. खिशातली वही मला पुन्हा दिसली नाही. मी हे सगळं पाहत होतो. दर रविवारी जात होतो आणि त्याला सांगत होतो, "काही नाही झालं तुले, उगाच मनाला लावून घेऊन राहिला." इलाज माझ्याकडे नव्हता असं नाही. एका वाक्याचा इलाज होता. तो सोडून मी बदाम नेत होतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी गेलो तर त्यानं टेबलावर कोरे कागद काढून ठेवले होते. "तू कचेरीतला माणूस. एक अर्ज नीट लिहून दे गा."

"कायचा?"

"नोकरी सोडायचा. स्वेच्छानिवृत्ती." अजून सहा-सात वर्षं बाकी होती त्याची. "पोरांची जबाबदारी आहे. मले आता माझाच भरवसा नाही."

मी त्याला समजावलं, तो ऐकेना. उद्याच द्यायचा म्हणत होता. शेवटी मी पेन घेतलं. मायना लिहिला, विषय लिहिला. तो सांगू लागला आणि मी त्याचं बोलणं कचेरीच्या भाषेत घालत गेलो. मला ते हातासरशी जमतं. "गेल्या काही महिन्यांपासून माझी दृष्टी व स्मरण यांवर" इथपर्यंत आलो आणि हात थांबला. पुढचे शब्द मला माहीत होते. भरवसा राहिला नसल्याने. मी ते खोटं त्याच्या तोंडून, माझ्या अक्षरात, सरकारी फायलीत कायमचं घालणार होतो.

"लिही ना," तो म्हणाला.

"मी त्या दिवशी फाट्यावर नव्हतो."

"कोणत्या फाट्यावर?"

"तू पडला त्या दिवशी. मी निघून गेलो होतो. शेठ वरून शूटिंग करत होता, मले चढ मारायचा होता. मागून कोणाच्या तरी गाडीचा आवाज आला, मले वाटलं तूच. तू आला तेव्हा तिथं कोणी नव्हतं. तुले बरोबर दिसलं होतं."

मी थप्पड खायच्या तयारीनं बसलो होतो. ती बसली असती तर मला बरं वाटलं असतं.

"झाडाखाली पण नव्हता?" त्यानं विचारलं.

"नाही."

"गाडी?"

"गाडी घेऊनच गेलो."

"म्हणजे नुसतं मोहाचं झाड होतं आणि खाली फुलं पडली होती."

"हो."

त्यानं डोळे मिटले. मग डोळे उघडून हसायला लागला. मी त्याला आठ महिन्यांत असं हसताना पाहिलं नव्हतं. "अवं! इकडे ये वं लवकर!" तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला. "मले बरोबर दिसलं होतं! तिथं कोणीच नव्हतं! मी तेव्हाच म्हणलं होतं ना, कोणीच नव्हतं!" त्यानं माझ्यासमोरचा कागद उचलून टराटरा फाडला. माझा हात दोन्ही हातांत धरला. "बरं झालं गा तू सांगितलं," म्हणाला. रागाचा शब्द नाही. माझ्याकडे पाहायला त्याला सवडच नव्हती, इतका तो आनंदला होता. तसाच लंगडत आतल्या खोलीत फोन शोधायला गेला, डॉक्टरला सांगायला. लाज मला त्या वेळी वाटली तशी त्या नाल्यात वाटली नव्हती, दवाखान्यातही नव्हती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात. मी खरोखर फरशीकडे पाहत होतो.

त्याची बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत मास्तर फोनवर मोठमोठ्यानं बोलत होता. तिनं कप टेबलावर ठेवले, फाडलेल्या कागदाचे तुकडे एकेक करून गोळा केले आणि मुठीत धरले. माझ्याशी बोलताना तिचा आवाज चढला नाही.

"भाऊजी, त्या एमआरआयच्या मशीनमधी घालायच्या आधी हे पोरासारखे रडून राहिले होते. मी मेलो तरी चालन पण बाबांसारखं नको, म्हणून राहिले होते. तवा तुमीच यांचा हात धरून होते."

"हो."

"तवा माहीत होतं तुमाले?"

आतून मास्तरचं हसणं ऐकू येत होतं.

"होतं," मी म्हणालो.